शिडी कुणी काढली

समोरच्या प्लॉटवर नव्या इमारतीचे कॉलम उभे राहिले आहेत. त्यांना गुंडाळलेल्या ओल्या गोणपाटांचा वास सकाळी खिडकीतून आत येतो. ताग, सिमेंट आणि पाणी यांचा मिळून झालेला, थोडा आंबूस, थोडा थंडगार. हा वास आला की मला आमच्या बीडचे ते ठेकेदार आठवतात आणि हातातला चहा निवून जातो. गेल्या महिन्यात ते गेले. त्यांच्याविषयी नेमकं काय वाटून घ्यावं, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

ते मूळचे तलवाड्याकडचे. आधी गवंडी, मग ठेकेदार, मग बिल्डर आणि शेवटी शेवटी पाटीवर डेव्हलपर. माणूस तोच, धोतराच्या जागी पँट आली एवढंच. सहकाराचे दिवस होते. चार माणसं सतरंजीवर बसली की एक संस्था निघायची आणि संस्था निघाली की तिला इमारत लागायची. पतसंस्था, खरेदी-विक्री संघ, दूध संघ, मुलींचं वसतिगृह, मंगल कार्यालय, सगळं त्यांच्याच हातचं. आजही या शहरात एखादा जिना चढताना धाप लागली नाही तर समजावं, तो त्यांचा. पायरी बुटकी ठेवायचा त्यांचा हट्टच होता. "म्हातारपन समद्यालाच येतंय की," म्हणायचे. अशा माणसाला शहरानं मायाळू म्हणायला हवं होतं. शहर त्यांना कठोर म्हणायचं, आणि त्याला कारण मी.

आम्हा शिक्षकांची गृहनिर्माण सोसायटी त्यांनीच बांधायला घेतली होती. माझ्या घराचा स्लॅब टाकला तो ऐन दुष्काळात. नव्या स्लॅबला पाणी पाजावं लागतं. त्यासाठी वर मातीचे बांध घालून वाफे करतात आणि त्यांत काही दिवस पाणी कोंडून ठेवतात. शहरातले नळ नुसते फुसफुसत होते. ठेकेदार कुठल्या तरी लांबच्या विहिरीवरून टँकर आणायचे. सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत उमापूरकडून मेंढरं घेऊन आलेली काही कुटुंबं उतरली होती. त्यांच्या बायकांनी बरोबर हेरलं, की या भागात पाणी आहे ते माझ्या घराच्या डोक्यावर. त्या शिडीवरून वर चढायच्या आणि वाफ्यांतलं पाणी तांब्या-तांब्यानं घागरीत भरून न्यायच्या.

ठेकेदारांनी हे पाहिलं. मला वाटलं, आता खेकसतील. ते खालूनच म्हणाले, "प्यायला नका घेऊ बायांनो, सिमिट उतरलंय त्यात. धुन्याभांड्याला न्या." आणि दुसऱ्या कामावर निघून गेले.

माझा मात्र जीव टांगणीला लागला. भाड्याच्या दोन खोल्यांत अख्ख्या कुटुंबाला कोंबून मी त्या घराची वाट पाहिली होती. वाफे दुपारपर्यंत कोरडे व्हायचे. स्लॅब असा तापला तर तडे जातील, जन्मभर गळेल, असं शाळेतले सगळे जाणकार सांगत. आणि शिक्षकांत जाणकारांना काय तोटा! तिसऱ्या दिवशी दुपारी मजूर भाकरी खायला बसले असताना मी शिडी आडवी केली, ओढत नेली आणि विटांच्या ढिगामागे सारली. कुणी पाहिलं नाही. मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी बाई मी, पण जराही मागेपुढे पाहिलं नाही. त्याची लाज नंतर वाटली.

तासाभरानं आरडाओरडा झाला. शिडी दिसेना म्हणून त्यांतली एक तरुण बाई बांधकामाच्या बांबूंवरून चढायला गेली आणि खाली पडली. मनगट मोडलं. बायका जमल्या, शिव्या सुरू झाल्या. "शिडी कुनी काढली?" ठेकेदार तेवढ्यात आलेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांना आणि पदराला शिडीवरचं सिमेंट लागलेलं होतं. मग बायकांकडे वळून म्हणाले, "म्या काढली. स्लॅब माझा हाय." त्यांनीच तिला जीपमधून दवाखान्यात नेलं, परत आल्यावर शिडी स्वतः जागेवर लावली. तोवर मी पदरावरचं सिमेंट झटकून टाकलं होतं.

का केलं असेल त्यांनी असं? माझी दया आली? की सभासदाचं भांडण होऊन काम अडायला नको, एवढाच धोरणीपणा? की लोकांना आपली जरब बसावी, असं त्यांना वाटायचं? पुढे एकदा बँकेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मी विचारायचं धाडस गोळा केलं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बाई, स्लॅब गळतो का?"

"नाही."

"मग झालं तर." आणि पेढा तोंडात टाकून ते पुढच्या माणसाकडे गेले. यातून मी काय समजायचं?

शोकसभा त्यांनीच बांधलेल्या मंगल कार्यालयात झाली. एका वक्त्यानं त्यांच्या कठोरपणाचा नमुना म्हणून शिडीचाच किस्सा रंगवून सांगितला, लोकांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. मी उठून माइकपाशी गेले आणि म्हटलं, "ती शिडी मी काढली होती." टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, दिवंगतांचा दोष बाईंनी किती मोठ्या मनानं आपल्या अंगावर घेतला!

बाहेर चपला शोधताना एक म्हातारी जवळ आली. वाकड्या मनगटावरून ओळखलं. ती मंडळी नंतर इथेच स्थायिक झाल्याचं ऐकून होते. इतक्या वर्षांत तिच्या घराकडे माझे पाय वळले नव्हते.

"बाई, मेल्या मानसाला कावून झाकताव?"

"अगं, खरंच मी काढली होती."

"असू द्या. त्यानं समद्यादेखत कबूल केलतं." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आन् म्या त्याला कवाच माफ केलंय. आजारी व्हता तवा घरी जाऊन सांगून आले. लई रडला."

ती सावकाश गेट ओलांडून गेली. ती माफी माझी होती. तिनं ती त्यांना देऊन टाकली होती, आणि तेही ती मुकाट्यानं घेऊन गेले होते. आता मी ती कुणाकडे मागायची, हे मला कळेना.