राठोड सरांचा सोमवारचा मेल

उमरखेडच्या आमच्या महाविद्यालयात कंत्राटी पदावर रुजू व्हायला गेले, त्या दिवशी संगणक विभागप्रमुख राठोड सर मला आधी दिसलेच नाहीत. दिसल्या त्या त्यांच्या चपला. सर टेबलाखाली बसून उघड्या सर्व्हरमधली धूळ रंगाच्या ब्रशने झाडत होते. मी नाव सांगू लागले तर खालून आवाज आला, "नाव मंग सांगा मॅडम, आधी तो पेचकस द्या."

पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, दिला. बाहेर आल्यावर सरांनी हात पुसले, माझे नाव नीट विचारून घेतले आणि सर्व्हरशेजारी सुतळीने बांधलेली एक जाड वही दाखवली. "ह्या मशीनवर काहीबी बदलायचं असलं, तर आधी वहीत, मंग मशीनवर. काय बदललं, काहून बदललं, कोणं बदललं."

सरांना यंदा साठ वर्षे पूर्ण झाली. या गौरवग्रंथासाठी त्यांच्या कार्याविषयी लिहावे असे मला सांगण्यात आले. सरांची कामे पुष्कळ आहेत. मी एकाच कामाविषयी लिहिणार आहे, कारण त्यात माझाही एक भाग आहे आणि तो आजवर मी कुणाला सांगितलेला नाही.

महाविद्यालयाचा आणि संस्थेच्या शाळांचा मेल सर्व्हर सरांनी मोफत मिळणाऱ्या खुल्या प्रणालीवर उभा केला होता. परीक्षा, शिष्यवृत्ती, परिपत्रके, सगळे त्यावरून चाले. एके दिवशी संस्थेच्या फुलसावंगीच्या शाळेतील लिपिक गावंडे बाबूंनी परिपत्रक समजून मेलसोबत आलेली एक फाइल उघडली आणि शाळेच्या संगणकावरील सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या. दहावीचे अंतर्गत गुणही त्यातच होते. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितले, पुन्हा असे घडले तर हा सर्व्हर बंद करू.

शाळेत गावंडे बाबूंना 'व्हायरस बाबू' म्हणायला सुरुवात झाली होती. सर स्वतः फुलसावंगीला गेले. दोन दिवस त्यांच्या शेजारी बसून शिक्षकांच्या वह्यांवरून गुण पुन्हा भरत राहिले. मीही सोबत होते. गावंडे बाबू मान वर करत नव्हते. सर त्यांना म्हणाले, "बाबू, दार आम्ही उघडं ठेवलं, चोर तुमच्या घरात शिरला. यात तुमचं काय चुकलं? फक्त पुढच्या वेळी अनोळखी पाहुणा आला तर आम्हाले एक फोन करा." मग आपल्या बंजारा तांड्यावरून आणलेली भाकरी आणि ठेचा त्यांच्यापुढे सरकवला. "खा आता. मशीन उपाशी चालते, माणूस नाही चालत."

परत आल्यावर सरांनी मेल सर्व्हरवर मोफत अँटिव्हायरस बसवायला घेतला. आलेला प्रत्येक मेल आधी तपासायचा, मगच आत सोडायचा. बसवून झाल्यावर मला वाटले, संपले. सरांना तसे वाटले नाही. अशा तपासणीसाठी एक निरुपद्रवी फाइल मिळते. ती व्हायरस नसते, पण प्रत्येक अँटिव्हायरसने तिला अडवावे असा संकेत आहे. सरांनी संस्थेबाहेरच्या आपल्या पत्त्यावरून ती पाठवली. ती सरळ आत आली. चौकीदार नेमला होता, पण मेल त्याच्या समोरून न्यायचा हे सर्व्हरला सांगायचे राहिले होते. सर म्हणाले, "बसवलं म्हंजे झालं नाही. अडवलं म्हंजे झालं." ती चूक त्यांनी स्वतःच्या नावाने वहीत लिहिली. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ते ही फाइल पाठवत आणि ती परत आली की मगच चहा घेत.

खरी अडचण पुढे आली. व्हायरसांची ओळख पटवणारी यादी रोज वाढते आणि ती सगळी मशीनच्या मेमरीत मावावी लागते. आमचे मशीन जुने. मेमरी अपुरी पडली की अँटिव्हायरस मध्येच बंद पडे. अशा वेळी मेल थांबवायचे की तसेच सोडायचे, हे ठरवणारी एक ओळ सर्व्हरच्या सेटिंगमध्ये असते. सरांनी 'थांबव' लिहिले होते. पाठवणारा सर्व्हर काही वेळाने पुन्हा पाठवून पाहतो, मेल हरवत नाही. सरांनी प्रत्येक शाळेला फोन करून सांगितले होते, "उशिरा येईल, पण येईल."

त्याच सुमारास सरांच्या याडीला, म्हणजे आईला, बरे नव्हते आणि कापूसही वेचणीला आला होता. सर रजा घेऊन तांड्यावर गेले. त्या गुरुवारी अँटिव्हायरस पुन्हा बंद पडला. मी तो सुरू करी, तो पुन्हा पडे. गावंडे बाबूंचा फोन आला, "मॅडम, वरून शिष्यवृत्तीची दुरुस्त यादी आली का? आज शेवटची तारीख हाय. पोराईचे बाप माह्यासमोर उभे हायेत." मी ती ओळ बदलली. 'थांबव'च्या जागी 'जाऊ दे'. थोड्या वेळात यादी आली, अर्ज वेळेत गेले. संध्याकाळी ओळ पूर्ववत करायची असे ठरवले होते. पण फोन यायचे थांबले होते आणि ती शांतता मला बरी वाटली; बंद पडलेला अँटिव्हायरसही मी तसाच राहू दिला. वहीत मी काही लिहिले नाही. रोजनिशी मी कॉलेजपासून लिहिते. त्या दिवसांची पाने मी नंतर तपासली. त्यात थंडी आहे, मुलीचा खोकला आहे, ती ओळ नाही. इतके बारीकसारीक लिहिणारी मी ती ओळ विसरले असे म्हणता येत नाही; ती मी टाळली.

अकरा दिवसांनी, सोमवारी, सर परतले. मधला सोमवार रजेमुळे फाइलीविना गेला होता. नेहमीप्रमाणे फाइल पाठवली. थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मॅडम, माहा मेल आत आला." त्यांनी वही उघडली. "शेवटची नोंद माहीच हाय. म्हंजे दार माह्याच हातानं उघडं राह्यलं. प्राचार्यांले सांगून येतो." ते उठले आणि त्यांनी चपला घातल्या.

त्या महिन्यात माझ्या नेमणुकीचे नूतनीकरण व्हायचे होते. सर दारापर्यंत पोचले तरी मी बोलले नव्हते. मग मी म्हणाले, "सर, ती ओळ मी बदलली."

सर परत आले. माझ्या हाती पेन दिला. "मंग लिहा. तारीख आजची टाका. बदल कवाचा, ते खाली लिहा." मी लिहिले. त्यांना आधीच ठाऊक होते का, हे मी कधी विचारले नाही. "प्राचार्यांले सांगायचं का नाही, ते आता तुमच्या मनावर," ते म्हणाले. "आधी अकरा दिवसाचे मेल तपासू."

दुपारपर्यंत दोन घातक फाइली सापडल्या. एक परीक्षा विभागात, न वाचलेल्या मेलमध्ये. दुसरी फुलसावंगीला, आणि तो मेल वाचलेला होता. सरांनी फोन लावला. गावंडे बाबू शांतपणे म्हणाले, "पाह्यला ना सर. फाइल नाही उघडली. कायले उघडू? एकदा पोळलो. तुमाले फोन केलता, तुम्ही रानात होते, लागला नाही. म्हणून तसाच ठेवला."

सरांनी फोन ठेवला आणि ते हसले. "अकरा दिवस आपला अँटिव्हायरस फुलसावंगीले बसला होता, मॅडम." मग लगेच गंभीर झाले. "पण हे दर वेळी होत नसते."

त्याच आठवड्यात सरांनी प्रयोगशाळेतले बंद पडलेले संगणक उघडले, त्यांतली चालणारी मेमरी काढली आणि एकेक पट्टी लावून, तपासून, नोंदवून सर्व्हरची मेमरी चौपट केली. अँटिव्हायरस थांबला तर आम्हा दोघांच्या फोनवर निरोप येईल अशी सोयही केली. त्यानंतर तो क्वचितच बंद पडला आणि 'थांबव' ही ओळ पुन्हा कुणी बदलली नाही. पुढे संस्थेच्या सभेत या कामासाठी आम्हा दोघांना शाल दिली गेली. ती मी घेतली. प्राचार्यांना काही सांगितले नाही. वहीतली नोंद मात्र तिथेच आहे, माझ्या सहीची. ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी; त्या शालीत माझा वाटा किती होता, ते तिथे लिहिलेले आहे.

सर निवृत्त झाले तेव्हा ती वही त्यांनी माझ्याकडे सोपवली. आपला मेल मात्र त्यांनी थांबवला नाही. अजूनही दर सोमवारी सकाळी तांड्यावरून ती फाइल येते आणि आमचा सर्व्हर ती परत पाठवतो. परत गेली की सरांना कळते, आम्ही जागे आहोत. आली की आम्हाला कळते, सर बरे आहेत.

सर, आपला हा सोमवारचा मेल अजून पुष्कळ वर्षे न चुकता येत राहो, आणि प्रत्येक वेळी आमच्या दारातूनच परत जावो.