शेवाळाच्या खड्ड्यातला मोरचूद

माझा राग वाईट. भंडारदऱ्याकडच्या आमच्या गावात, नव्वदच्या दशकात, मी सख्ख्या चुलत्याचा हात फावड्याच्या दांड्यानं मोडला. भर सकाळी.

तात्या म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. बिनलग्नाचा, आमच्याच चुलीवर जेवणारा. भाताची सगळी आवणी, म्हणजे रोपांची लावणी, त्याच्या कमरेवर व्हायची.

बारावीला सूक्ष्मदर्शकाखाली निळं-हिरवं शेवाळ बघितलं होतं. मण्यांची माळच. हिरवे मणी उन्हावर अन्न करतात, पण त्यातून निघणारा प्राणवायू हवेतला नत्र धरायच्या कामाचा सत्यानाश करतो. म्हणून मधला एखादा मणी अन्न करणंच सोडतो, फिकट पडतो, भिंत जाड करून घेतो. शेजाऱ्यांच्या घासावर जगतो आणि सगळ्या माळेला नत्र पुरवतो. हेच शेवाळ भाताला खत म्हणून मी परसातल्या खड्ड्यात वाढवत होते. वडील म्हणाले होते, "एक खाचर तुझं. युरियाबिगर पीक आलं तर पुढं शिक. न्हाई तर दिवाळीनंतर पाव्हणं बघायचं."

आवणी तोंडावर आली आणि खड्डा मेला. वरची हिरवी साय जाऊन नुसता पिवळा लगदा उरला. काठावर तात्या, हातात मोरचुदाची पुडी.

"खड्ड्यात किडं झालं म्हनून तूच रडत हुतीस ना? गुरांच्या हौदात टाकतो तसं टाकलं परवा. आज आनखी जरा टाकतो."

अरे देवा, हौदातलं शेवाळ मारायलाच तर मोरचूद टाकतात! माझं डोकं फिरलं.

"फुकट गिळतोस आमच्या घरात, आणि वर माझाच गळा कापतोस!"

मी हाणलेला फावड्याचा दांडा डोक्यातच बसायचा, त्यानं हात आडवा घातला. काडकन आवाज आला. तो खाली बसला, तरी दुसरा हाणला, पाठीत. तिसऱ्याला आईनं दांडा धरला. मी तिलाही ढकललं. थांबायचंच नव्हतं मला.

दुपारी वडील आले. हात सुजून टम्म झालेला. तात्या म्हणाला, "बांधावरनं घसरलो. आन दादा, पोरीचं शेवाळ माज्या हातनं नासलं. तिची चूक न्हाई. तिला शिकू दे."

आईनं ते खोटं चालवून घेतलं. मीही.

मी शिकले. त्याचा हात वाकडाच जुळला. आजही काचेखाली तो फिकट मणी दिसला, की "फुकट गिळतोस" हे माझंच बोलणं कानात वाजतं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.