शून्यं कोण पुसत होतं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, गोंडपिपरीच्या जुन्या मित्रांजवळही नाही. बोलायला लागलो की मी गोष्ट वळवतो – आधी दुसऱ्याची चूक सांगतो, म्हणजे माझी जरा लहान दिसते. आज तसं करायचं नाही असं ठरवून बसलोय. बघू, जमतं का.

सात वर्षांपूर्वी मी चंद्रपूरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. पाच माणसं, एक लांबट खोली. गावोगावच्या रक्ततपासणी शिबिरांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवत होतो – सिकलसेलसाठी कोणाचा नमुना घेतला, कोणाचा रिपोर्ट आला, त्याची नोंद. ते नीट चालतं की नाही हे बघणं माझं काम. हाताने तपासायला दिवस जायचा, म्हणून मी तपासणारा प्रोग्रामच लिहिला. खोट्या पेशंटांची यादी एक्सेलच्या फाइलमध्ये. प्रोग्राम ती वाचणार, एकेक नाव फॉर्ममध्ये भरणार आणि पास की फेल ते सांगणार.

पण प्रोग्रामला एक्सेल आपोआप वाचता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेला कोड – त्याला लायब्ररी म्हणतात – आणून जोडावा लागतो. ती जोडायला मला तीन दिवस लागले. एक फाइल आणली की ती दुसरी मागायची, दुसरी आणली की तिची आवृत्ती जुळायची नाही, की पडदाभर लाल अक्षरं. शेवटी चाललं तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. त्यातलं ऑफिसात दुसऱ्या कोणाला काही कळत नव्हतं. आणि खरं सांगू? मला ते तसंच हवं होतं.

फक्त रंजना विचारायची.

रंजना मुलचेऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची, गोंड घरातली. कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली, ऑफिसात नोकरीला लागलेली तिच्या गावची पहिली मुलगी. खोट्या पेशंटांची ती एक्सेल फाइल भरणं तिच्याकडे होतं. हात भराभर चालायचा तिचा. पण ती प्रश्न फार विचारायची – हे कसं चालते भाऊ, ते कुठी लिहिलं भाऊ. मी तुटक उत्तरं द्यायचो. हिला माझी जागा हवी आहे, असं माझ्या डोक्यात कधी शिरलं, आठवत नाही. शिरलं एवढं खरं.

मग शून्यं गायब व्हायला लागली.

प्रत्येक पेशंटला पाच आकडी नंबर होता, आणि बरेच नंबर शून्याने सुरू व्हायचे. दुपारी दीडला आम्ही जेवायला बाहेर पडायचो, तेव्हा प्रोग्राम आपोआप चालायचा. सगळं पास. चार वाजता मी तोच पुन्हा चालवला की अर्ध्या ओळी फेल. फाइल उघडून बघावं तर पुढची शून्यं नाहीत. ०३४१७ चं नुसतं ३४१७. सकाळी रंजनाने भरलेली असायची, मी स्वतः पाहिलेली असायची. मग दीड ते चारमध्ये ती कोण पुसत होतं?

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात एकटी कोण असायची? रंजना. टेबलावरच डबा खायची.

मी लक्ष ठेवायला लागलो. ती फोनवर घरच्यांशी गोंडीत बोलायची. मला गोंडी येत नाही, तरी ती माझ्याबद्दलच बोलते आहे असं वाटायचं. ती हसली की माझ्यावर हसली. मी मागून गेलो आणि तिने वही मिटली, तर त्या वहीत काय आहे? एक दिवस चारला प्रोग्राम चालवण्याआधी फाइल शेवटची कधी सेव्ह झाली ती वेळ पाहिली. एक वाजून चौतीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी एक तेहतीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा चौतीस. पुरावा मिळाल्याचा मला आनंद झाला – हो, आनंदच. दुसरा शब्द शोधत होतो, सापडला नाही.

तिन्ही दिवसांचे फोटो काढून मी साहेबांना दाखवले. त्यांनी तिला सगळ्यांसमोर बोलावलं. ती साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काऊन पुसीन भाऊ? भरतो तं मीच ना. तुमाले खरंच वाटते का, का मी केलं?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. म्हणालो, "वेळ दिसते ना इथी."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. साहेबांनीच येऊ नको म्हटलं होतं.

इथपर्यंतचं मी तुम्हाला चूक म्हणून सांगू शकलो असतो. माणसाची चूक होते, संशय येतो. पण पुढे काय झालं ते ऐका.

त्यानंतर फाइल मी भरायला लागलो. पहिल्याच दिवशी शून्यं भरली, ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली खिशात घालून जेवायला गेलो. परत येऊन फाइल उघडली. शून्यं नव्हती. वेळ – एक चौतीस.

खुर्चीवर बसलो आणि माझाच कोड पहिल्यांदा नीट वाचला. लायब्ररी जोडताना मी तिच्यासोबत आलेल्या नमुन्याच्या कोडमधल्या ओळी जशाच्या तशा उचलल्या होत्या. त्यातल्या एका ओळीमुळे फॉर्म भरून झाल्यावर फाइलमधला प्रत्येक नंबर नुसता आकडा व्हायचा, म्हणजे पुढचं शून्य गळायचं. आणि शेवटची ओळ फाइल सेव्ह करायची. ती तिथे असण्याचं काही कारणच नव्हतं. रोज दीडला माझा प्रोग्राम नंबर वाचत होता, फॉर्म भरत होता, आणि जाताजाता शून्यं पुसून फाइल बंद करत होता.

मग आठवलं. रंजनाने मला एकदा त्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं, "भाऊ, फाइल तं नुसती वाचाची हाय ना, मंग इथी सेव्ह काऊन केली?" मी म्हणालो होतो, तुला नाही समजायचं ते. ती बरं म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. शिकत होती ती. वहीत तेच असायचं.

मी दोन्ही ओळी काढून टाकल्या. पाच मिनिटांचं काम. शून्यं पुन्हा भरली. कोणाला बोललो नाही. चारला सगळं पास झालं, तेव्हा साहेब माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "पाह्य, तिले काढलं अन् सगळं बराबर झालं. तुवा बरं पकडलं."

मी म्हणालो, "हो साहेब."

तिचा नंबर माझ्याकडे होता. साहेब चार पावलांवर होते. तोंड उघडलं असतं तर ती त्याच आठवड्यात परत आली असती. मला भीती कशाची होती? नोकरी जाण्याची नव्हती. सगळ्यांदेखत थोपटलेली ती पाठ जाण्याची होती. एवढ्याशा गोष्टीसाठी.

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त मुलचेऱ्याला गेलो होतो. रस्त्याला लागून ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं एक दुकान दिसलं, आत रंजना. मी पुढे सरकणारच होतो, पण तिने ओळखलं. खुर्ची दिली, चहा मागवला. समोर एक म्हातारी बाई बसली होती. रंजनाने तिचा फॉर्म भरला, मोठ्याने वाचून दाखवला, पुन्हा वाचला, आधारचा एकेक आकडा बोट ठेवून तिसऱ्यांदा तपासला. बाई कंटाळली. "झालं ना वो बाई आता?" म्हणाली.

ती गेल्यावर रंजना मला म्हणाली, "तीन डाव पाह्यल्याशिवाय माह्या मनाले पटतच नाई भाऊ. त्या टायमाले मले लई राग आला होता तुमचा. मंग आठवून आठवून पाह्यलं. माह्याच हातानं काईतरी चुकीचं दबत असन. नवीन होती ना मी. तुमी काई खोटं थोडी बोलान."

चहा गरम होता. दुकानात तिसरं कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "होते असं, नवीन असल्यावर."

तिने मान हलवली. मी चहा संपवला आणि निघालो.