पांढऱ्यावर पांढरं

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शिकवलं त्यांनी कुणालाच नाही, पण हातात कायम वही. कुणी चूक दाखवली की लिहून घ्यायचे आणि वर्षभर तिकडे बघायचे नाहीत. इस्पितळांना लागणारा रिपोर्टचा प्रोग्राम एकट्या मास्तरांच्या हातचा. माझं टेबल शेजारी, म्हणून पुढचं सगळं मला माहीत.

त्यांची धाकटी बहीण एका इस्पितळात, एक्स-रे बघायच्या अंधाऱ्या खोलीत बसून याच प्रोग्रामवर डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायची. त्या अंधारात पांढराफटक स्क्रीन दिवसभर डोळ्यांवर. दुपारपर्यंत अर्धं डोकं ठणकायचं. स्क्रीन काळा करून दे, असं ती तीन वर्षं सांगत होती. मास्तर म्हणायचे, पुढच्या आवृत्तीत बघू. परक्याने मागितलं असतं तर वर्षभराने का होईना, केलं असतं. याचा मला अजून राग आहे.

शेवटी तिने राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आणि भावाला तसं कळवलं. तेव्हा कुठे मास्तर तहान लागल्यावर विहीर खणायला बसले. रंग त्यांनी पूर्वी एका जागी न ठेवता प्रोग्रामच्या प्रत्येक खिडकीत सुटे लिहिलेले. खिडक्या दोनशे बारा. एकेक उघडायची, मागचा रंग काळा करायचा, अक्षरं पांढरी. अकरा दिवस हेच. चहा निवायचा, तसाच प्यायचे.

बाराव्या दिवशी सकाळी तिच्या मशीनवर काळा स्क्रीन सुरू झाला. दोन तासांनी इस्पितळातून फोन आला, की प्रिंटरमधून कोरे कागद निघताहेत आणि बाहेर पेशंट ताटकळलेत. मास्तरांना ऐकताच कळलं. स्क्रीनवरचा रंगच छपाईला जात होता, पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं. सगळं तपासलं होतं, फक्त एक कागद छापून बघितला नव्हता.

दुरुस्तीला सात मिनिटं लागली. तोवर तिथल्या व्यवस्थापकांनी काळा स्क्रीन कायमचा बंद करायला लावला होता. मी फोनवर खूप समजावलं, ते ढिम्म हलले नाहीत.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मास्तरांनी तो टेबलावरच स्पीकरवर टाकला. राजीनामा देऊन आले, म्हणाली. मास्तरांनी वही पुढे ओढली. मग ती म्हणाली,

"दादा, ते दोन तास डोकं अजिबात दुखलं नाही रे."

मास्तर "बरं" म्हणाले. वहीत 'छपाई' एवढंच लिहिलं आणि पुढची तक्रार उघडली.