हळदीच्या जात्यावरचं मारुतीचं गाणं

माझ्या चुलतीइतका भसाडा गळा येरमाळ्यापासून कळंबपर्यंत कुणाला नव्हता, आणि गाण्याची तिच्याएवढी हौसही कुणाला नव्हती. गाणं म्हटल्याशिवाय ती म्हशीची धार काढायची नाही. म्हैस लाथ मारायची, मग ती गाणं बदलायची. ते दूध ती शेजारच्या मारुतीला पाजायची. बिनआईचं पोर, सदा तालमीत. तो म्हणायचा, "काकू, तुमच्या गाण्यानं दूध नासतंय." ती म्हणायची, "नासू दे. पी मुकाट्यानं." तिला असं बोलायची हिंमत गावात त्याची एकट्याची.

निजामाच्या अमलात एका जत्रेला आमच्या पाटलानं तहसीलदाराला कुस्त्या बघायला बोलावलं. डावात मारुतीची मान मुरगळली. त्यानं हात आपटला, सोडा म्हणाला. पंच उठला, तर पाटलानं त्याला खाली बसवलं. "सायब बघायलेत. निकाल लागू दे." निकाल लागला. मारुती कुस्तीच्या हौदातच मेला. दुसऱ्या दिवशी पाटील चावडीवर म्हणाला, "पोराची मानच कच्ची होती." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या माना पक्क्या होत्या ना! चुलती चावडीवर भांडायला गेली, तर शिपायानं तिला हाकललं, "घरी जाऊन गाणी म्हणा, बाई."

तिनं गाणंच म्हटलं, पण पाटलाच्या घरी. त्याच्या लेकीच्या लग्नाची हळद दळायला गावातल्या सगळ्या सवाष्णी बोलावल्या होत्या. एका बाजूनं खुंटा चुलतीच्या हातात, समोरून माझ्या. हळदीचं जातं फिरलं की दळण सरेपर्यंत थांबवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जातं चांगलं फिरू लागेपर्यंत ती गप्प राहिली आणि मग तिनं गळा काढला:

मान मुरगळली बाई, मारुती म्हणे सोडा
पाटील म्हणे सायब आलेत, खेळ नगं मोडा

पाटील धावत दारात आला. "बंद करा ते!"

"जातं थांबवू? लेकीचं लगीन हाय तुमच्या."

पाटलाची म्हातारी आई सूप घेऊन शेजारीच बसली होती. पाटील जायला वळला, तशी ती म्हणाली, "थांब. ऐकून जा." जात्यातली हळद सरत आली होती. म्हातारीनं आणखी मूठभर टाकली. "दळा गं. अजून लई हाय."

पाटील मान खाली घालून गाणं सरेपर्यंत उभा राहिला.

त्यानंतर चुलतीला कुणी हळदीला बोलावलं नाही. तिचं काही अडलं नाही. म्हशीची धार मात्र ती आता मुकाट्यानंच काढायची. एकदा मी म्हटलं, "काकू, म्हणा की काहीतरी."

"कशाला? नासलं म्हणणारं कोण हाय?"