दुपट्ट्याखाली ठरलेले रेणू

मी बांधलेल्या गाठीत कापसापेक्षा हवाच जास्त, असं एका व्यापाऱ्यानं भर बाजारात म्हटलं होतं. ते मी अजून विसरलेलो नाही. आणि माझ्याच मुलीनं डॉक्टरेटला विषय घेतला तो वायू दाबून भरण्याचा. तिला शाबासकी, मला टोमणे.

अळी आणि पडलेला भाव, दोघांनी मिळून कापूस खाल्ला ती वर्षं. दारव्ह्यातली माझी सरकी काढून गाठी बांधायची जिनिंग बंद होती. जनरेटर तेवढा धडधाकट होता. गावात लोडशेडिंग, म्हणून पोरीनं आपला कॉम्प्युटर माझ्या रिकाम्या ऑफिसात मांडला. पडद्यावर कार्बनच्या अणूंचा फुटबॉलसारखा पिंजरा. त्यात हायड्रोजनचे रेणू कोंबायचे आणि किती मावतात ते बघायचं. पुढेमागे गाड्यांचं इंधन असं साठवता येईल म्हणे. पिंजरा खोटा, वायू खोटा. डिझेल मात्र माझं खरं जळत होतं.

नागपूरच्या एका कॉलेजात तिची नोकरी ठरली होती, पण डॉक्टरेट हातात पडली तरच. तिचे डॉक्टरेटचे गाईड सर घाटंजीला लग्नाला जाताना आमच्याकडे थांबले. पडदा पाहून म्हणाले, "रेणू कमी आहेत. आणखी पाच बसव, नाहीतर अजून एक वर्ष काम कर."

"सर, एकही बसत नाही. पिंजरा फुटतो."

"प्रयत्न कर."

वर्ष म्हणजे नोकरी गेली. माझं डोकं तापलं. खांद्यावरचा दुपट्टा सरांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. आमच्या बैलबाजारात भाव असाच ठरतो. तोंड बंद, बोटं बोलतात. वाटलं, मास्तर हात ओढून घेतील. त्यांनी माझा अख्खा पंजा दाबला. पाच. म्हणजे गडी बाजार हिंडलेला होता.

मी एक बोट धरलं. त्यांनी चार.

"बाबा, काय करून राह्यले तुमी?"

"तू थांब. तुह्या सरले समजावून राह्यलो."

"बाबा, तो बैल नाही हो, रेणू आहे."

सर तीनवर आले. मी हात सोडल्यासारखा केला, तशी त्यांनी घाईनं दोन बोटं धरली. सौदा पटला.

"दोन बसव, मी प्रबंधावर सही करतो," सर म्हणाले.

मी तिला विकून आलो अशा नजरेनं पोरीनं माझ्याकडे पाहिलं. "आधी एक टाकते," म्हणाली आणि बटण दाबलं. जनरेटर धडधडत राहिला. आमचे चहा झाले. मग पिंजरा एका बाजूनं फुगला, एक सांधा तुटला आणि सगळा वायू पडदाभर पांगला.

सरांनी चष्मा पुसला. "हे आणखी एक टाकून फुटलेलंही प्रबंधात घाल," म्हणाले. "मर्यादा कळली. मी सही करतो." जाताना मला म्हणाले, "शेठजी, बैल असता तर मी तीनवरून हललो नसतो."

पोरीला नोकरी मिळाली. पण सरांना पाचावरून दोनवर मी आणलं, हे घरात कोणी मानत नाही. ती म्हणते, त्यांना शून्यावर पिंजऱ्यानं आणलं. पिंजऱ्याला काय बोटं होती?