खोडलेला आकडा

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. या शाळेचं अंगण मात्र खरोखरच वाकडं होतं. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला मुख्याध्यापकांची खिडकी आणि मधे असा उतार, की सोडलेला चेंडू आपण होऊन खिडकीकडेच निघायचा. एवढ्याशा जागेत पंचेचाळीस मुलं आणि तीन चेंडू घेऊन खेळाच्या बाईंनी तेवीस वर्षं काढली. जुन्या मोज्यांत चिंध्या कोंबून त्यांनी चेंडू केले, सायकलच्या बाद टायरांची कडी केली आणि त्या उताराचाच उपयोग करून घेणारे अकरा खेळ शोधून काढले. त्यांच्या खेळात कुणी बाद होऊन बसत नसे. ज्याचा डाव गेला त्याने गुण मोजायचे, नाहीतर घड्याळ धरायचं. कोपऱ्यात बसून माती उकरायला शाळा कशाला हवी, असं त्या विचारायच्या.

बाई कडक होत्या. आवाज असा, की रस्त्यावरचा पोस्टमनसुद्धा 'सावधान' ऐकून एकदा थबकला होता. नवरा म्हणायचा, आमच्या घरात दोनच भाषा, शिट्टी आणि गप्प बसा. पण मुलं त्यांच्यामागे गुळाला मुंगळे लागावेत तशी असायची. मुलांना लबाड प्रेम लगेच कळतं आणि खरंही कळतं.

बाईंचा जीव खेळांइतकाच आणखी एका गोष्टीत होता, ती म्हणजे आरोग्याचं कार्ड. आरोग्याच्या तासाला पुस्तकात हृदयाचं चित्र होतं, ते मुलांनी लाल रंगाने रंगवायचं आणि तास संपला. बाईंना हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं वाटायचं. त्यांनी प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याचं एक कार्ड करून दिलं. महिन्यातून एकदा मुलांनी अंगणाला चार फेऱ्या मारायच्या, मनगटावर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे, पाच मिनिटं बसायचं आणि पुन्हा मोजायचे. दोन्ही आकडे कार्डावर. धावल्याबरोबर चाळीसच्या आसपास, पाच मिनिटांनी सव्वीस-सत्तावीस. आपल्या आत काहीतरी चालू आहे आणि ते आपल्याला मोजता येतं, याचं मुलांना भारी अप्रूप वाटे.

पहिल्या वर्षी मोजणीचा नुसता गोंधळ झाला. एकाने दोनशे लिहिले. दुसऱ्याने शून्य लिहिलं आणि शून्य ठोक्यांवर हा गडी दिवसभर हुंदडत होता. म्हणून बाईंनी एक नियम केला. पुढे त्यांच्या खेळांची आणि कार्डाची मिळून एक पुस्तिका निघाली, चाळीस शाळांच्या खेळशिक्षकांना वाटली गेली, त्यात तो नववा नियम म्हणून छापलासुद्धा: 'मुलांची मोजणी चुकते. आकडा इतरांपेक्षा फार वेगळा आल्यास शिक्षकाने तो दुरुस्त करावा.' ज्याने पंचेचाळीस मुलं एकदम सांभाळली आहेत त्याला हा नियम चुकीचा वाटणार नाही. मलाही वाटला नसता.

त्या वर्षी पाचवीत एक मुलगी आली. तोंडाची टकळी दिवसभर चालू, म्हणून बाईंनी तिचं नावच टकळी ठेवलं. तिलाही ते आवडलं. ती धावायची बेताचीच, पण फेऱ्या पुऱ्या करायची, आणि धावतानाही बोलायची. पहिल्या महिन्यात तिने पाच मिनिटांनंतरचे ठोके लिहिले अडतीस. बाई हसल्या. "अगं, जीभ चालते तशीच मोजतेस होय? एकाला दोन?" त्यांनी लाल पेन्सिलीने अडतीस खोडून वर सव्वीस लिहिले. दुसऱ्या महिन्यात पुन्हा अडतीस. तिसऱ्या महिन्यात एकोणचाळीस. "बाई, मी खरंच नीट मोजले," टकळी म्हणाली. "नीट मोजलेस तर सव्वीस येतील," बाई म्हणाल्या आणि पुढच्या कार्डाकडे वळल्या. रांगेत अजून तीस मुलं उभी होती.

चौथ्या महिन्यात टकळीने आपण होऊन सव्वीस लिहिले. बाईंनी खाली 'शाबास' लिहिलं. पाचव्या आणि सहाव्या महिन्यातही सव्वीसच आले.

सहाव्या महिन्यानंतर, एका सुट्टीच्या सकाळी, टकळी घराच्या जिन्यावर बसलेली असताना गेली. धावत नव्हती, खेळत नव्हती, चपलेचा बंद लावत होती. डॉक्टर म्हणाले, हृदय जन्मापासूनच कमजोर होतं. आधी कळलं असतं तर औषधं होती, इलाज होता. काही खूण दिसली होती का, असं त्यांनी आईवडिलांना विचारलं. दोघांनी नाही म्हणून सांगितलं.

बाई भेटायला गेल्या तेव्हा खोली माणसांनी भरलेली होती. टकळीची आई येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होती, "कळण्यासारखं काही नव्हतंच हो." त्या वाक्याला धरूनच ती बसलेली राहू शकत होती. बाई दारातच उभ्या राहिल्या आणि तशाच परत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्डांची पेटी उघडली. टकळीच्या कार्डावर सहा ओळी होत्या. तीन ओळींत बाईंची लाल रेघ होती. त्या त्यांनी पाहिल्या, पण पुढच्या तीन ओळी त्यांना बघवेनात. तिथे रेघ नव्हती. तिथे एका शहाण्या पोरीने, बाईंना आवडेल असा आकडा काढला होता. मनगट वेगळं सांगत होतं आणि तिने बाईंचं ऐकलं होतं. तेवीस वर्षांत बाईंनी मुलांना स्वतःचं शरीर ओळखायला शिकवलं, असं लोक म्हणायचे. या एकीला त्यांनी ते नाकारायला शिकवलं. बाई कपाटाआड उभ्या राहून तोंडात पदर कोंबून रडल्या.

मुख्याध्यापकांना त्यांनी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. "शाळांना पत्र पाठवा," ते म्हणाले, "ते करायलाच हवं. पण तिच्या आईकडे जाऊ नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याचा उपयोग नाही ते सांगून काय मिळवणार?"

बाईंनी चाळीस पत्रं हाताने लिहिली: 'नववा नियम खोडून टाकावा. आकडा वेगळा आला तर आकडा दुरुस्त करू नये, मूल डॉक्टरांना दाखवावं.' उत्तरं आली, आभाराची. त्याने बाईंना झोप आली नाही. जेवायला बसल्या की दोन घासांवर हात थांबे. नवऱ्याने एकदा विचारलं, "ओरडत का नाहीस आजकाल? घर खायला उठतं." बाईंनी ताट उचललं. टकळीची आई कपड्यांना इस्त्री करायची, तिचं दुकान शाळेच्या वाटेवर होतं. सात आठवडे बाई लांबच्या रस्त्याने शाळेत गेल्या. आयुष्यभर नाकासमोर चाललेल्या बाईला असं चोरासारखं चालणं जमेना. आईने शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, पण तिला खरं कळलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि एका दुपारी दुकानाची पायरी चढल्या.

दुकान म्हणजे दहा पावलांची खोली. फळ्यांवर घड्या, प्रत्येक घडीत गिऱ्हाइकाची चिठ्ठी, गरम सुती कपड्यांचा वास. आईने इस्त्री उभी केली. "या बाई. स्टूल घ्या."

बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच बोलल्या, कार्ड पुढे धरून, एकही शब्द न चोरता. "खूण होती. तीन वेळा होती. मी खोडली. चूक माझी आहे. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा."

आईने हात साडीला पुसले आणि कार्ड घेतलं. तिने लाल रेघांकडे पाहिलंच नाही. खालच्या ओळींवरून बोट फिरवत म्हणाली, "तिचंच अक्षर. दोनाचं शेपूट असं लांब काढायची." मग तिचं बोट थांबलं. ती हळूहळू त्या स्टुलावर स्वतःच बसली.

"मला सांगितलं होतं तिने," ती म्हणाली.

"काय?"

"हेच. जेवताना. आई, सगळ्यांचे सव्वीस येतात, माझे अडतीसच येतात, बाई दर वेळी खोडतात. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, बाईंना जास्त कळतं का तुला? सव्वीस लिही नि मोकळी हो." आईने वर पाहिलं. "मी सांगितलं तिला सव्वीस लिहायला. मी विसरून गेले होते, बाई. आत्ता कार्ड पाहिलं तेव्हा आठवलं."

बाई शिव्या खायला आल्या होत्या. हे त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही. बाईंचं ऐक, असं कुठलीही आई सांगते."

"हो," आई म्हणाली. "सांगते."

बाहेर कुणीतरी कपड्यांचं बोचकं घेऊन आलं, आत बघून परत गेलं. आईने कार्ड मिटलं आणि घड्यांच्या खाली ठेवलं, अगदी खालच्या फळीवर.

"तिचे बाबा सहा वाजता येतात," ती म्हणाली. "त्यांना यातलं काही सांगू नका. ते अजून म्हणतात, कळण्यासारखं काही नव्हतं."

"नाही सांगणार."

"तुम्ही माझ्याकडे येऊन सांगितलंत, बरं केलंत." तिचा आवाज अगदी साधा होता. "आता मी कुणाकडे जाऊन सांगू?"